जमिनीचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांचे सांगणे व्यवहाराला धरूनच होते. मोठ्या नदीच्या उगमापाशी जावे, तो तेथे ओंजळीत मावेल एवढे पाणी. आणि थोर ऋषींच्या घराण्यात डोकवावे, तो भलत्याच कथा निघायच्या. तेव्हा आज समोर जे मोठेपण दिसते त्याला नमस्कार करावा आणि पुढे व्हावे. पण या म्हणीत नदी आहे, ऋषी आहे. जमीन मात्र नाही. ती नाही हेच बरे. नदीचा भूतकाळ वाहून जातो, ऋषीचा तपाने धुऊन निघतो. जमिनीचा मात्र जागच्या जागी बसून राहतो. तिचे कूळ विचारल्यावाचून चालायचे नाही.

एरवी दर आठवड्याला या पानावर आपली भेट होते ती चार बोटांच्या जागेत. दिवाळी अंकात संपादक मला ऐसपैस जागा देतात, म्हणून यंदा विषयही जागेचाच काढला आहे. कारखाना उठून गेल्यावर मागे जी जागा उरते, ती तपासतात कशी, साफ करतात कशी, आणि आपल्यासारख्या दोन खोल्यांचे स्वप्न पाहणाऱ्यांनी त्यातले काय ध्यानात ठेवावे, एवढेच आज सांगायचे आहे.

इंग्रजीत अशा जागेला 'ब्राऊनफील्ड' म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने भाषांतराच्या तासाला त्याचे 'तपकिरी शेत' करून टाकले. वर्ग खळखळून हसला. मला मात्र तो मुलगा अगदीच काही चुकला असे वाटले नाही. आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन रंग असत: काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचे आणि पांढरीत राहायचे. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेणामाती आणि पडक्या भिंती यांनी पांढरी भरत जाई. आज ती खणली तर खापरे निघतात, मणी निघतात, एखादे नाणे निघते. माणूस येथे राहून गेला याच्या त्या खुणा, आणि त्यांचा कोणाला उपद्रव नसतो. कारखान्याने या दोन रंगांत तिसऱ्याची भर घातली. त्या जमिनीतही माणसाच्या खुणा असतातच. पण त्या शिशाच्या, आर्सेनिकच्या, डांबराच्या, जळक्या तेलाच्या आणि पाऱ्याच्या.

'कूळ' या शब्दाचा आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे. दुसऱ्याची जमीन कसतो तेही कूळच. त्या अर्थाने पाहिले तर जमिनीत मुरलेले विष हे एक विलक्षण कूळ म्हटले पाहिजे. शेतातले कूळ निदान घाम गाळते. हे कूळ कसतही नाही, खंडही देत नाही आणि जागाही सोडत नाही. मालक बदलतो, दारावरची पाटी बदलते, चिमणी पडून तेथे कारंजे येते; कूळ आपले खाली स्वस्थ. पागडीच्या घरात जन्म काढलेल्या मुंबईकराला हा प्रकार अधिक फोड करून सांगायला नको.

मध्यंतरी माझा मेव्हणा एका नव्या गृहसंकुलाची पुस्तिका घेऊन आमच्याकडे आला होता. पुस्तिका लग्नपत्रिकेपेक्षा जाड. तीत पोहण्याचा तलाव होता, पळण्याची वाट होती, मुलांसाठी मातीचे मैदान होते आणि दाराशी गणपतीचे देऊळ होते. त्याने वास्तुशास्त्र पाहून घेतले होते, स्वयंपाकघराची दिशा पाहिली होती, स्टेशनला पोचायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजले होते. आमच्या सौभाग्यवतीने चहाचा कप पुढे करीत सहज विचारले, "अरे, पण त्या जागेवर आधी काय होतं?"

"कारखाना होता, ताई. म्हणून तर एवढी सलग जागा मिळाली!"

"कसला?"

मेव्हण्याने पुस्तिका पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. कारंजाला किती नळ आहेत हे तीत होते. कारखाना कसला, हे नव्हते.

हा 'कसला' फार मोलाचा प्रश्न आहे. शेकडो एकरांच्या जागेला तो एकदम विचारण्याची पाळी लंडनवर आली होती, ती कथा ऐकण्यासारखी आहे.

६ जुलै २००५ रोजी लंडनला २०१२ च्या ऑलिंपिक स्पर्धा मिळाल्या. स्पर्धांसाठी जागा निवडली होती शहराच्या पूर्वेला, ली नदीच्या काठची, सुमारे सहाशे एकरांची. ही जागा कळकट का झाली याचे कारण मोठे बोलके आहे. १८४४ साली लंडनमध्ये एक कायदा झाला आणि घाण वासाच्या धंद्यांवर शहराच्या हद्दीत निर्बंध आले. ली नदी ही हद्द. झाले! हाडे उकळणारे, चरबी वितळवणारे, साबणवाले, रंगवाले, खतवाले, रसायनवाले पूल ओलांडून पलीकडे गेले. अलीकडच्यांच्या नाकाची सोय झाली. पलीकडे कामगारांच्या वस्त्या होत्या, त्यांच्या नाकांचा विचार कायद्यात नव्हता. आपल्या घरातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटण्याची कला साहेबालाही अवगत होती, एवढाच याचा अर्थ.

त्या नदीकाठाने जगाला काही दिले नाही असे मात्र नाही. हॅकनी विक या भागात अलेक्झांडर पार्क्स याने १८६६ साली कारखाना काढून 'पार्कसीन' नावाचा पदार्थ बनवायला घेतला. प्लास्टिकच्या वंशवृक्षाचे मूळ तेथे सापडते. तेल गाळणाऱ्या एका कंपनीने १८९० नंतरच्या दशकात 'पेट्रोल' हे नाव बाजारात रूढ केले, तेही तेथेच. म्हणजे आज आपण रोज तोंडात घेतो तो शब्द त्या चिखलातून आला. शब्द जगभर गेला आणि सांडलेले तेल जमिनीत राहिले. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाँबने पडलेल्या घरांचे ढिगारे जवळच्या सखल भागात आणून टाकले. त्यावर भंगारवाले आले, गाड्या मोडणारे आले. अशी ही जमीन थरांथरांनी तयार झाली होती.

अशा जमिनीची तपासणी करायची म्हणजे काय करायचे? लगेच फावडे घेऊन धावायचे नाही. पहिली तपासणी कागदावरची. जुने नकाशे एकावर एक ठेवून पाहायचे. अमुक साली येथे टाकी दिसते, तमुक साली ती दिसत नाही. मग ती काढली की नुसती बुजवली? कारखान्याचे परवाने, आगीच्या नोंदी, जुनी छायाचित्रे चाळायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे काम केलेल्या माणसांना शोधून विचारायचे. रंगखात्यातले पाणी कोणत्या गटारात सोडत होते, हे मालकाच्या वहीत नसते. ते म्हाताऱ्या कामगाराला ठाऊक असते. आपला सात-बाराचा उतारा मालकाचे नाव सांगतो, पीक सांगतो, बोजा सांगतो. जमिनीच्या पोटात काय ओतले, याचा रकाना त्यात नाही.

कागद न वाचल्याने काय होते, याचा दाखला अमेरिकेत नायगारा फॉल्स या गावी घडला. तेथे 'लव्ह कॅनॉल' नावाचा अर्धवट खणलेला कालवा होता. नाव प्रेमाचे, पण ते लव्ह नावाच्या गृहस्थाचे आडनाव. १९४२ ते १९५३ या काळात एका रसायन कंपनीने त्यात सुमारे एकवीस हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. खरेदीखतात लिहिले होते की येथे रसायनांचा कचरा पुरलेला आहे आणि पुढे कोणाला इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही. त्या जागेवर शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली. खरेदीखतातले ते वाक्य घरे घेणाऱ्यांपर्यंत पोचले नाही. विष मात्र तळघरांपर्यंत पोचले. १९७८ साली सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली, शेकडो कुटुंबे हलवावी लागली, आणि १९८० साली अमेरिकेने अशा जागांच्या सफाईसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याने जागेच्या मालकावरही जबाबदारी येऊ लागली, तेव्हापासून तेथे जाणता माणूस कारखान्याची जागा इतिहास तपासल्याशिवाय विकत घेत नाही. मुलीचे स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, तसेच हे.

कागद झाले की प्रत्यक्ष पाहणी. जाणकार माणूस नुसता फेरफटका मारून पुष्कळ ओळखतो. कोठे गवत उगवत नाही, कोठे मातीवर काळपट तवंग आहे, कोठे जमिनीतून एकटीच नळी वर आली आहे. तशी नळी दिसली की खाली तेलाची टाकी असण्याचा संभव फार. त्यानंतर भोके पाडायची. लंडनच्या त्या जागेवर तीन हजारांहून अधिक ठिकाणी जमीन उकरून अगर भोक पाडून पाहिली. खोलीखोलीवरची माती वेगवेगळ्या बरण्यांत भरायची, प्रत्येकीवर चिठ्ठी लावायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. भूगर्भातले पाणी वेगळे, मातीच्या पोकळीतली हवा वेगळी. कारण प्रत्येक विषाची चाल निराळी. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, ते भूजलावर साय धरल्यासारखे पसरते. यंत्रांचे ओशट भाग धुण्यासाठी जे द्राव वापरीत, त्यांपैकी काही पाण्यापेक्षा जड. ते तळ गाठतात आणि वर्षानुवर्षे तेथून विरघळत राहतात. त्यांची वाफ फरशीच्या भेगांतून घरात वर येते. शिसे बहुधा वरच्या थरातच चिकटून बसते आणि मैदानात खेळणाऱ्या मुलाच्या नखात जाते. तेच बोट मूल तोंडात घालते.

सर्व तपासणीचे सार तीन शब्दांत सांगता येते: उगम, वाट आणि मुक्काम. विष कोठे आहे, ते कोणत्या वाटेने निघते आणि कोणाच्या घरी पोचते. तिन्ही जुळले तर धोका. तिघांतला एक दुवा तोडला तर धोका टळला. जमीन साफ करण्याचे सगळे शास्त्र कोणता दुवा तोडायचा हे ठरवण्यासाठी आहे.

लंडनमध्ये त्यासाठी मातीचे इस्पितळ काढले होते. थट्टा नव्हे, नावच तसे होते. माती आजारी, म्हणून तिच्यासाठी इस्पितळ. तेथे माती धुण्याची प्रचंड यंत्रे होती. माती धुवायची ही कल्पना प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. पण घरात तांदूळ धुणाऱ्या कोणालाही ती पटेल. विष सगळ्या मातीला सारखे चिकटत नाही. खडी आणि वाळू यांना ते थोडे चिकटते. बारीक गाळाला फार चिकटते, कारण बारीक कणांना मिळून पृष्ठभाग जास्त. म्हणून माती पाण्याने घुसळून, चाळून खडी-वाळू वेगळी काढली की ती वापरायला मोकळी होते आणि विष थोड्याशा गाळात गोळा होते. मग तेवढ्याचीच व्यवस्था लावायची. तेलाने भिजलेल्या मातीला दुसरा उपचार. तिचे ढीग घालून त्यांना हवा, ओल आणि खुराक द्यायचा. मातीतले जिवाणू तेल खाऊन संपवतात. आपल्या उकिरड्याचे खत होते, तोच धर्म. असे करीत सुमारे वीस लाख टन माती तेथे साफ झाली आणि तिच्यातली बहुतेक त्याच जागेवर पुन्हा वापरली गेली.

शिशाचे मात्र तसे नाही. ते मूलद्रव्य, त्याला जिवाणू खात नाहीत आणि आगही संपवत नाही. त्याला हलवता येते, नाही तर कोंडता येते. समुद्रमंथनातून हलाहल निघाले तेव्हा शंकराने ते गिळले नाही आणि थुंकलेही नाही. कंठात धरून ठेवले. सिमेंट मिसळून माती घट्ट करतात किंवा वर झाकण घालतात तो हाच मार्ग. लंडनच्या बागेत खालच्या मातीवर खुणेचे कापड अंथरून त्यावर सुमारे दोन फूट स्वच्छ माती घातली आहे. उद्या कोणी माळी खणू लागला आणि कापड लागले, तर त्याने तेथेच थांबावे. नीळकंठाच्या गळ्यावर निळी खूण राहिली, तशी ही. कोंडलेल्या विषाची खूण ठेवणे हा सफाईचाच भाग आहे.

ती बाग २०१३ आणि २०१४ साली टप्प्याटप्प्याने लोकांना खुली झाली. खेळाडूंसाठी बांधलेली घरे आता संसारी माणसांची आहेत. पण या कथेला एक किनार आहे, तीही सांगितली पाहिजे. ती जागा अगदीच ओसाड नव्हती. तेथे कित्येक दशके जोपासलेले छोटे भाजीचे वाफे होते, स्वस्त भाड्याची सहकारी वस्ती होती. ती उठली. जमीन शुद्ध झाली आणि महाग झाली. शुद्ध जागेवर जुना रहिवासी परत येतोच असे नाही.

आता दुसरा प्रश्न: स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ? आमच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत यावरून दरवर्षी मतभेद होतात, तेव्हा सरकारदरबारी व्हावेत यात नवल नाही. मोटारी उभ्या करायच्या असतील तर एक माप, मुले लोळणार असतील तर दुसरे, भाजी लावायची असेल तर तिसरे. तामिळनाडूत कोडईकनाल येथे थर्मामीटरचा कारखाना होता. १९८३ साली अमेरिकेतली यंत्रे आणून तो उभा केला होता. २००१ साली गावातल्या भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या काचांचे ढीग सापडले आणि कारखाना बंद पडला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त माल अमेरिकेला परत गेला. २०१६ साली ५९१ माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली. मागे राहिली माती. ती कशी शुद्ध करावी हे आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने आखून दिले. एक किलो मातीत वीस मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल, असे माप ठरले. गावकरी आणि कार्यकर्ते म्हणाले, नाही चालणार. खाली जंगल आहे, ओढे आहेत, तलावात मासे आहेत. परदेशात याहून कडक माप लावता, मग आमचा जीव स्वस्त का? दुसरी बाजू म्हणाली, अधिक माती खणली तर डोंगर उघडा पडेल, झाडे जातील. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण माप ठरवण्याच्या बैठकीत त्या मातीशेजारी राहणाऱ्याला पाट मांडला पाहिजे, एवढे तरी या वादातून शिकावे.

तिसरा प्रश्न: काढलेली घाण जाते कोठे? भोपाळच्या कारखान्यात २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्या आवारात बांधून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलायला जानेवारी २०२५ उजाडला. चाळीस वर्षे! बारा मोठ्या वाहनांतून तो सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला नेला. तेथले लोक रस्त्यावर आले. त्यांचे म्हणणे इतकेच की तुमचा केर आमच्या दारात का? जूनअखेर तो जाळून झाला, त्याची राख उरली. आणि भोपाळच्या त्या आवारातली माती आणि खालचे पाणी यांचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. चाळीस वर्षांपूर्वी जे थोडक्यात आटोपले असते ते पावसागणिक खाली मुरत गेले. सफाई जितकी लांबते तितकी ती महाग होते, हे घरातल्या मोरीपासून कारखान्यापर्यंत सारखेच खरे.

आणि चौथा प्रश्न, पैसे कोणाचे? राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावी रंगासाठी लागणारे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरी नासवल्या. त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्याने घाण केली त्याने ती निस्तरावी. तत्त्व सोपे आहे. आपण लहान मुलांना तेच शिकवतो. २०२५ साली केंद्र सरकारने दूषित जागांविषयी स्वतंत्र नियम केले. जिल्ह्याच्या प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या मंडळाने त्या तपासायच्या आणि खर्च घाण करणाऱ्याकडून वसूल करायचा, अशी ती योजना आहे. नियम कागदावर आले हे चांगलेच झाले. पण यादी भरते ती कोणी तरी बोट दाखवून विचारले म्हणजे.

विचारण्यासारख्या जागा आपल्याकडे कमी का आहेत? लंडनची ती जागा सहाशे एकरांची आणि आपल्या गिरणगावातल्या अठ्ठावन्न गिरण्यांची जमीनही सुमारे सहाशे एकरांचीच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे एकेक भोंगा मुका होत गेला. १९९१ च्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक स्वस्त घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला, वाटे आकसले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००६ साली तो बदल कायम झाला. कोणाला किती जमीन, यावर इतके रान उठले आणि ते उठायलाच हवे होते, कारण त्या जमिनीत कामगारांचा घाम होता. पण त्या घामाखेरीज तेथल्या मातीत आणखी काय होते? गिरणी म्हणजे काही नुसते सूत आणि साचे नव्हेत. तेथे रंगखाते असे, कापड पांढरे करण्याची रसायने असत, बॉयलरची राख असे, तेलाच्या टाक्या असत. हा प्रश्न त्या सगळ्या कोलाहलात फारसा कानी आला नाही. आज ठाण्यापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत जुन्या कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्यांतल्या पुष्कळ जागा निर्मळ असतील. मी कोणाला घाबरवू इच्छीत नाही. पण निर्मळ असेल ती जागा तपासणीला भिणार नाही.

तेव्हा वाचकहो, घर पाहायला जाल तेव्हा दिशा जरूर पाहा, पण चार गोष्टी आणखी विचारा. येथे पूर्वी काय बनत होते? माती आणि पाणी तपासले का, आणि तपासले असेल तर तो अहवाल दाखवता का? काही साफ केले असेल तर ते किती खोलवर, आणि काढलेली माती कोठे नेली? कूपनलिका घेतली आहे का, तिचे पाणी कशाला वापरता? ज्या संकुलात आधीच राहत असाल तेथेही सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या भांडणातून पाच मिनिटे काढून कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी करून घ्या. शेजारी एखादे म्हातारे कामगार आजोबा राहत असतील, तर त्यांच्यापाशी बसा. जुन्या कारखान्यांचे नकाशे पुष्कळदा अशा माणसांच्या डोक्यातच उरले आहेत, आणि ते फार दिवस उरणार नाहीत.

आता लक्ष्मीपूजन येईल. त्या दिवशी आपल्या घरांतून नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. धन आधी आणि झाडलोट मग, असा क्रम आपल्या बायकांनी कधी मानला नाही. त्यांनी केरसुणीलाच लक्ष्मी म्हटले. जमिनीच्या व्यवहारात आपण नेमके उलटे करतो आहोत. भाव आधी फुटतो, केर कोणी पाहत नाही. आमच्या मेव्हण्याने ताईचा तो 'कसला?' एका कागदावर लिहून विकणाऱ्याच्या कचेरीत नेऊन दिला आहे. उत्तर आल्याशिवाय इसार द्यायचा नाही, असे त्याने ठरवले आहे. तुम्हीही ठरवा. दिवाळीच्या शुभेच्छा!